वडिलांकडची उसवण

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत माझ्या कपाटात आहे. जाड पुठ्ठ्याची बांधणी, पिवळी पडलेली पानं, आणि शेवटी घड्या घालून चिकटवलेले वंशावळीचे तक्ते. कोकणातून घाटावर कोण केव्हा आलं, कुणाला कुठलं इनाम मिळालं, कोण मामलेदार झाला, कोण मॅट्रिकला पहिला आला, हे सगळं त्यात आहे. पुरुषांची नावं ठळक टाइपात. मुलींचीही नावं आहेत, पण लग्न होऊन त्या ज्या घरी गेल्या तिथं त्यांची रेघ संपते. त्यांच्या मुलाबाळांचा पत्ता नाही. आणि कोण कशानं गेलं, हे जवळजवळ कुणाच्याच नावापुढं नाही. फार तर 'अकाली निधन'.

२०२१ च्या पावसाळ्यात हा ग्रंथ मी टेबलावर उघडून बसलो, त्याला कारण माझी पुतणी. तिचं वय तेव्हा ३८, मुलगा दुसरीत. आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली आणि आठ-दहा दिवसांत बायप्सीचा अहवाल आला : स्तनाचा कर्करोग. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, "आईला, मावशीला, आजीला कुणाला होता का?" तिघींपैकी कुणालाही नव्हता. केसपेपरवर 'घराण्यात इतिहास नाही' अशी नोंद झाली आणि आम्हालाही बरं वाटलं. वडिलांच्या बाजूचं कुणी विचारलं नाही, आणि ते सांगावं असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

त्या डॉक्टरांना तरी काय बोलणार? मी स्वतः पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मेंडेलचे उंच आणि बुटके वाटाणे, फळ्यावर आखलेले चार चौकोन, 'निम्मं आईकडून, निम्मं बापाकडून' हे मी हजारो मुलांकडून घोकून घेतलं असेल. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न होता तो. स्वतःच्या घराचा चौकोन मात्र मी कधी आखला नव्हता.

आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या तिथ्या सगळ्यांना पाठ असतात. आजार कुणाला विचाराल तर निरनिराळी उत्तरं येतात. थोरली आत्या १९७१ मध्ये ४९ व्या वर्षी गेली. 'पोटात पाणी झालं' एवढंच आम्हा मुलांना सांगितलं होतं. धाकट्या आत्याच्या छातीत गाठ होती. ती १९७९ मध्ये गेली तेव्हा, मुलगा गेल्याचा धक्का तिनं घेतला, असं सगळे म्हणाले. वडिलांना १९८७ मध्ये प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. वय ६२. दोन वर्षांत तो हाडांत पसरला आणि ते गेले. म्हातारपणाचा आजार, असं त्याला नाव मिळालं. ६२ हे म्हातारपण होतं का, हे मी आता ६६ व्या वर्षी स्वतःला विचारतो. आणि काका १९९४ मध्ये 'काविळीनं' गेले. कावीळ खरीच होती, पण ती स्वादुपिंडातल्या गाठीनं पित्ताची वाट अडवल्यामुळे झालेली. काकांची विडी सगळ्या पेठेला ठाऊक होती, तेव्हा खापर विडीवर फुटलं.

चार भावंडं, चार अवयव, चार कारणं. त्यामुळे 'आमच्या घराण्यात कॅन्सर नाही' असं आम्ही अगदी मनापासून म्हणत होतो.

पुतणीचं वय पाहून दुसऱ्या एका तज्ज्ञांनी तिला आनुवंशिकीच्या समुपदेशकाकडे पाठवलं. मी सोबत गेलो होतो. समोर एक तरुण मुलगी. तिनं कोरा कागद घेतला आणि गोल व चौकोन काढायला सुरुवात केली. बाई असेल तर गोल, पुरुष असेल तर चौकोन, त्या माणसाला कर्करोग झाला असेल तर आतून काळा. आईची बाजू पांढरीच राहिली. मग तिनं पेन्सिल उजवीकडे नेली. "आता वडिलांकडचं सांगा. काका, आत्या, सगळे. कुठल्याही अवयवाचा असो." मी सांगत गेलो आणि ती काळं करत गेली. दोन गोल, दोन चौकोन. चिन्हं मी शिकवलेलीच होती, तरी तो कागद वाचायला मला वेळ लागला.

पुतणीचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ, २०१६ मध्ये हृदयविकारानं गेले होते. त्यांचा चौकोन पांढरा होता. समुपदेशक म्हणाली, "हे वाहक असू शकतात. स्वतःला काहीही न होता पुढं देता येतं." काही आठवड्यांनी पुतणीच्या रक्ताचा अहवाल आला. बीआरसीए-२ या जनुकात दोष होता.

या नावानंच मोठा घोळ केला आहे. बीआरसीए ही अक्षरं 'ब्रेस्ट कॅन्सर' या शब्दांवरून आली. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन संशोधक बाईंनी स्तनाच्या कर्करोगाची अनेक घराणी वर्षानुवर्षं तपासून १९९० मध्ये दाखवलं की, या घराण्यांतला दोष १७ व्या गुणसूत्राच्या एका ठरावीक भागात आहे. कर्करोगासारखा गुंतागुंतीचा आजार एखाद्या जनुकाच्या दोषातून वंशात उतरू शकतो, यावर तोवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. १९९४ मध्ये ते जनुक हाती लागलं, ते बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी १३ व्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-२ सापडलं. ज्या आजाराचा माग काढत शास्त्रज्ञ तिथं पोचले, त्या आजाराचं नाव जनुकाला चिकटलं. रस्ता चुकलेल्या माणसाला ज्या गावात पाणी मिळावं, त्या गावाला त्यानं 'पाणी' म्हणावं, तसं काहीसं. ते जनुक मुळात काय काम करतं, हे नंतर उलगडत गेलं. ते काम दुरुस्तीचं आहे, आणि ते स्त्रियांच्या तसंच पुरुषांच्या, जवळजवळ प्रत्येक पेशीशी निगडित आहे.

माझ्या लहानपणी लक्ष्मी रस्त्यामागच्या एका बोळात एक रफूवाले बसत. वडिलांचा लोकरीचा कोट एकदा खिळ्याला अडकून टरकला. आईनं तो त्यांच्याकडे नेला. त्यांनी कोटाच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे चार-सहा धागे काढले, चष्मा नाकाच्या टोकावर घेतला आणि फाटलेल्या जागी उभा-आडवा धागा विणत बसले. संध्याकाळी कोट परत आला तेव्हा फाटलं कुठं होतं ते सापडेना. आईला स्वतःलाही टाके घालता येत होते. पण टाके घातले की दोन कडा एकमेकींवर चढतात, मधलं कापड थोडं जातं, आणि नक्षी असेल तर ती तुटते.

पेशीत हेच दोन्ही प्रकार आहेत. एका पेशीतला डीएनए उलगडून मोजला तर सुमारे दोन मीटर भरतो, त्यावर अक्षरांच्या सुमारे ६०० कोटी जोड्या. ऊन, धूर, किरणं यांनी त्याला इजा होतेच. पण नुसतं जगण्यानं, पेशीच्या आत चालणाऱ्या रासायनिक घडामोडींनीही रोज हजारो ठिकाणी इजा होते. बहुतेक इजा किरकोळ असतात आणि तिथल्या तिथं नीट होतात. या दुरुस्तीचा उलगडा करणाऱ्या तोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सर्वांत वाईट इजा म्हणजे डीएनएचे दोन्ही पदर एकाच जागी तुटणं. मग पेशीपुढं दोन वाटा असतात. तुटलेली टोकं कशीबशी एकमेकांना जोडायची, म्हणजे टाके घालायचे. त्यात मधली काही अक्षरं गळतात. किंवा, पेशी विभाजनाच्या तयारीत असेल आणि त्याच डीएनएची दुसरी प्रत शेजारी तयार असेल, तर तिच्यावर बघून फाटलेला भाग अक्षर न् अक्षर पुन्हा विणायचा. हे रफू. बीआरसीए-२ जनुकापासून ३,४१८ अमिनो आम्लांच्या माळेचं एक अवाढव्य प्रथिन बनतं. त्याचं मुख्य काम, आरएडी-५१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला नेमकं तुटलेल्या टोकावर आणून बसवायचं. ते बसलं की तुटलेलं टोक शेजारच्या प्रतीत आपली जागा शोधतं आणि विणकाम सुरू होतं. बीआरसीए-१ याच कामात आधीच्या टप्प्यांवर लागतं.

रफूवाला नसला तर पेशी लगेच मरत नाही. ती टाक्यांवर भागवते. पण टाक्यांवर टाके पडत गेले की नक्षी बिघडत जाते, आणि एखाद्या दिवशी पेशीच्या वाढीला आवर घालणारी ओळच गळून पडते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण वर्गातही मुलं इथंच अडखळत. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. दोषवाहक माणसाच्या प्रत्येक पेशीत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली असते आणि तिच्यावर काम चालतं. म्हणून असं माणूस जन्मतः धडधाकट असतं, शाळेत जातं, संसार करतं. पुढं आयुष्यात कधीतरी, कुठल्यातरी एका पेशीत ती चांगली प्रतही जाते, आणि त्या पेशीचा रफूवाला उठून जातो. हे ज्या अवयवात घडेल तिथं गाठ. स्तन, अंडाशय, प्रोस्टेट, स्वादुपिंड याच अवयवांना धोका जास्त का, याचं पुरतं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. पण आमच्या घरातले ते चार आजार वेगवेगळे नव्हते, एवढं मला त्या कागदानं दाखवलं.

आकडे सांगतो. २०१७ मध्ये जवळजवळ १० हजार दोषवाहक स्त्रियांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार ८० वर्षं वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१ मध्ये ७२ टक्के, तर बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के. अंडाशयाच्या कर्करोगाची अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. पुरुषांत बीआरसीए-२ चा दोष असेल तर प्रोस्टेटच्या कर्करोगाची शक्यता दुप्पट किंवा त्याहून अधिक होते, तो कमी वयात येतो आणि अनेकदा चिवट असतो. पुरुषाला स्तनाचा कर्करोग होऊ शकतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. तोही या दोषात इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. आणि वाहकाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवावं तशी.

अशी घराणी लोकांच्या लक्षात आली नव्हती असं नाही. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदानं आपल्या बायकोच्या माहेरची कर्करोगाची वंशावळ १८६६ मध्ये छापली होती. त्याहून मला भावते ती अमेरिकेतल्या मिशिगनची गोष्ट. १८९५ च्या सुमाराला आल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे शिवणकाम करणारी एक बाई एकदा त्यांना म्हणाली की, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगानं जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिननं तिचं बोलणं बायकी भीती म्हणून उडवून लावलं नाही. त्यानं तिच्या घराण्याची वंशावळ जमवली आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. त्या प्रकारच्या घराण्यांतला दोष १९९३-९४ मध्ये सापडला. तोही दुरुस्तीच्या जनुकांत निघाला, पण त्यांचं काम वेगळं, मुद्रितशोधकाचं : डीएनएची प्रत काढताना चुकीचं अक्षर पडलं तर ते काढायचं. ती जनुकं बिघडली की मोठं आतडं आणि गर्भाशय यांना धोका.

पुण्याचाही या विषयाशी जुना धागा आहे आणि तो पुणेकरांनाच फारसा माहीत नाही. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म पुण्यातला, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. कमलताई हुजूरपागेत शिकल्या (माझी पुतणीही तिथलीच), मग फर्ग्युसन, मग पुण्याचं शेतकी कॉलेज. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. लग्नानंतर मुंबईला गेल्यावर टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगाकडे वळल्या, आणि १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या. पुढं बाल्टिमोरला त्या जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतल्या पेशी १९५१ मध्ये ज्यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीत वाढू लागल्या आणि आजही जगभर वाढत आहेत, तेच हे गाय. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. आज पुणे विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे. तिथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवले जातात. त्या इमारतीवरून जाताना मला हुजूरपागेतली ती मुलगी आठवते.

रणदिव्यांचा एक विषय होता स्तनाचा कर्करोग आणि वंश. त्या काळी या प्रश्नावर उंदरांनी धुकं पसरवून ठेवलं होतं. उंदरांच्या काही वाणांत हा कर्करोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो, असं जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवलं होतं. दुधातला तो घटक म्हणजे विषाणू, हे पुढं ठरलं. म्हणजे उंदरांत तरी आईची बाजूच महत्त्वाची दिसत होती. रणदिव्यांनी उंदरांच्या वाणांवर वर्षानुवर्षं काम करून वंश, संप्रेरकं आणि विषाणू यांचे धागे वेगळे काढायचा प्रयत्न केला. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, २००१ मध्ये त्या गेल्या. बीआरसीए-१ आणि २ सापडलेली त्यांना त्यांच्या हयातीत पाहायला मिळाली, याचं मला उगाच बरं वाटतं.

असो. आईची बाजू हा शब्द निघाला आहे तर वहिनींबद्दल लिहायला हवं.

पुतणीचं निदान झाल्यावर नातेवाइकांची ये-जा सुरू झाली. आमच्याकडे नाही म्हटल्यावर ते कुठून आलं असणार, हे कुणी उघड बोललं नाही, पण वहिनींच्या देखत त्यांच्या माहेरची चौकशी होऊ लागली. "तुमच्या आजीला काय झालं होतं हो?" वहिनी ७० च्या घरात, नवरा गेलेला, मुलगी केमोच्या सलाइनखाली. त्यांनी एकदा मला विचारलं, "भाऊजी, मीच दिलं का हो तिला हे?" मी तेव्हा गुळमुळीत काहीतरी बोललो. जीवशास्त्राचा मास्तर!

पुतणीच्या दोषाची जागा कळल्यावर वहिनींचीही तपासणी झाली. त्यांच्यात दोष नव्हता. तो अहवाल घेऊन मीच त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "वहिनी, तुमच्या माहेरचं नव्हतं. आमच्याकडचं होतं. आमच्याकडून तिला गेलं." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमचे दादा असते तर त्यांना सांगितलं असतंत का असं?" मी विचार करून खरं ते सांगितलं. म्हटलं, "माहीत नाही." त्यांनी चहा टाकला.

आणि 'आमच्याकडचं' तरी कुठपर्यंत म्हणायचं? वडिलांना तो दोष आजोबांकडून आला की आजीकडून, हे आता कळायचा मार्ग नाही. आजोबा विषमज्वरानं गेले, आजी बाळंतपणात. कर्करोग व्हायच्या वयापर्यंत दोघंही पोचली नाहीत. आजीकडून आला असेल तर तो तिच्या माहेरचा, आणि त्या माहेराचं कुलवृत्तांतात फक्त गावाचं नाव आहे.

मग माझी पाळी. पुतणीत दोष सापडला, वहिनींत नाही, म्हणजे तो दादांकडून आला आणि दादांना आमच्या वडिलांकडून. तेव्हा मलाही तो असण्याची शक्यता निम्मी. घरातला नेमका दोष एकदा कळला की इतरांत तेवढाच शोधायचा असतो, काम सोपं होतं. रक्ताची एक नळी दिली. अहवाल येईपर्यंतच्या तीन आठवड्यांत मी वडिलांचे १९८७ चे कागद शोधून काढले आणि पुन्हा ठेवून दिले. अहवाल आला. दोष होता.

मला स्वतःला त्यानं फार हलवलं नाही, हे खरं सांगतो. वर्षातून एकदा पीएसएची तपासणी, काकांचा इतिहास असल्यानं स्वादुपिंडावर नजर, छातीत काही लागलं तर दुर्लक्ष करायचं नाही, एवढंच. जड गेलं ते मुलांना सांगणं. मुलगी ३५ ची. तिनं सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि पुढच्या आठवड्यात रक्त दिलं. तिच्यात दोष नाही. मुलगा बंगळुरूला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, पण ते बायकांचं असतं ना?" इंजिनिअर मुलगा आहे. त्याला काय म्हणू? घराण्यातला तो दोष आजवर त्याच्यापर्यंत दोन पुरुषांनी आणून पोचवला असण्याची शक्यता आहे, हे मी त्याला कागदावर काढून पाठवलं. 'बघतो' म्हणाला. अजून बघतो आहे.

पुतणीचं सांगायचं राहिलं. तिनं दोन्ही स्तन काढून घेतले, पुढं अंडाशयंही. हे निर्णय तिनं आणि तिच्या नवऱ्यानं घेतले. त्याबद्दल मी लिहिणं बरं नाही. पण तिच्या एका औषधाबद्दल लिहायला हवं, कारण त्याची युक्ती मला विलक्षण वाटते. पेशीत किरकोळ, एकाच पदराच्या इजा नीट करणारी वेगळी यंत्रणा असते. पार्प नावाचं प्रथिन त्यात मोक्याचं आहे. घरातल्या बाईनं निघालेला धागा वेळच्या वेळी सुईनं आत घ्यावा, तसं ते काम. हे औषध ती सुईच काढून घेतं. मग निघालेल्या धाग्यांची मोठी फाट होते. ज्या पेशीत बीआरसीएची चांगली प्रत शाबूत आहे, तिच्याकडे रफूवाला आहे, ती निभावते. गाठीतल्या पेशीकडे तो नाही. ती मरते. ज्या दोषातून गाठ झाली, तोच दोष तिच्या मुळावर येतो. ही कल्पना २००५ मध्ये ब्रिटनमधल्या दोन गटांनी एकाच वेळी प्रयोगशाळेत दाखवली. ओलापॅरिब या त्या औषधाला अमेरिकेत २०१४ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली, २०१८ मध्ये स्तनाच्या, २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्या, २०२० मध्ये प्रोस्टेटच्या. थोरली आत्या, धाकटी आत्या, काका आणि वडील.

पुतणीनं त्या गोळ्या वर्षभर घेतल्या. किंमत ऐकून आम्ही गप्प झालो होतो; दादांनी ठेवलेल्या ठेवी मोडल्या. आज ती कामावर जाते. दर तपासणीच्या आधीचे चार दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

हे वाचून कुणी उद्या सकाळी प्रयोगशाळेच्या दारात उभं राहू नये. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळतात. त्यांतले वंशात उतरलेल्या दोषाचे पाच ते दहा टक्के. बाकीच्यांत असा वंशात उतरलेला दोष नसतो. शिवाय या तपासणीत कधीकधी 'अर्थ न लागलेला बदल' असं उत्तर येतं. जनुकात फरक आहे, पण तो घातक की निरुपद्रवी ते ठरवता येत नाही. जगातली बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची असल्यानं आपल्याकडे असं उत्तर अधिक वेळा येतं, आणि ते समजावून सांगणारं माणूस समोर नसेल तर लोक घाबरून भलते निर्णय घेतात. म्हणून आधी समुपदेशक, मग रक्त. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे, पुण्यातही आता हे समुपदेशन मिळतं. पण त्याआधी एक काम आहे, ज्याला पैसे पडत नाहीत : दोन्हीकडच्या माणसांची यादी करायची, प्रत्येकापुढं आजार आणि तो झाला तेव्हाचं वय लिहायचं. आत्या आणि तिची मुलं धरून. चुलतआजी धरून. 'पोटात पाणी' म्हणजे काय होतं, हे ज्याला आठवत असेल तो हयात आहे तोवर विचारून घ्यायचं.

मी ते २०२२ मध्ये केलं. थोरल्या आत्याची एक मुलगी नागपूरला सापडली, एक नातू न्यू जर्सीत. धाकट्या आत्याची मुलगी स्वतः ५१ व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगातून उठलेली होती आणि आम्हाला कुणाला ते ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं. सगळ्यांना मी पत्र लिहिलं, सोबत समुपदेशकानं दिलेला कागद जोडला. काहींनी लगेच फोन केले. दोघांनी उत्तर दिलं नाही.

काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, धायरीला राहतो. त्याच्याकडे मी स्वतः गेलो. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं. त्यानं कागद वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. "आत्ता हे काढू नकोस. पलीकडच्या लोकांच्या कानावर गेलं तर मोडेल." मी म्हटलं, मुलीचं राहू दे, तुझं तरी रक्त दे, तुझ्यात नसेल तर तिच्यात हे येण्याचा प्रश्नच मिटतो. तो म्हणाला, "आणि असेल तर?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वैशाखात लग्न झालं. मी जेवलो, आहेर केला, आलो. दोन वर्षं त्यानं हा विषय काढला नाही, मीही नाही. भेटलो की क्रिकेटवर बोलायचो.

गेल्या महिन्यात सकाळी सहाला त्याचा फोन आला. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

"अरे," तो म्हणाला, "ते रक्त द्यायचं म्हणाला होतास. ते उपाशीपोटी द्यायचं असतं का?"

म्हटलं, "नाही. चहा घेऊन गेलास तरी चालतं."